करपा

गॉलवे, आयर्लंड, 12 जून, रात्रीचे साडेनऊ

बाहेर अजून लख्ख उजेड आहे. इथे जूनमध्ये दहा वाजेपर्यंत सूर्य हलत नाही, त्यामुळे जेवून खोलीत आलं तरी झोपणं म्हणजे वामकुक्षीच वाटते. हे मात्र आडवे झाले आणि घोरायलाही लागले. मोबाइलवर गजर लावून झोपलेत, तोही रात्री दोनचा. का ते लिहिते.

काल क्लिफ्स ऑफ मोहर होते. 214 मीटर उंच कडे, खाली अटलांटिक महासागर. पाहिलं काय, तर धुकं. आमच्यातल्या ठाण्याच्या वहिनींनी त्या पांढऱ्या भिंतीसमोर उभं राहून फोटो काढले आणि 'मागे कडे आहेत' असं स्टेटसला लिहिलं. हे म्हणाले, "जुलैत माळशेजला एवढंच दिसतं, तेही पाचशेच्या पेट्रोलमध्ये." मुलीनं हौसेनं ट्रिप काढून दिलीय, म्हणून मी काही बोलले नाही.

आज कॉनेमाराचा डोंगराळ भाग. रोज दोन रांगा पुढे सरकत सरकत आज बसची पहिली सीट आमची होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना चुन्या-मातीशिवाय रचलेले दगडी बांध, मधूनमधून तळी, आणि मेंढ्या. कुणाच्या पाठीवर निळा फराटा, कुणाच्या लाल. डोंगर सामाईक चराईचा, म्हणून ज्याची मेंढी त्याचा रंग. पाऊस पाच मिनिटं यायचा, पाच मिनिटं जायचा. छत्री उघडून उलटी करून घेण्याचा कार्यक्रम सगळ्यांचा एकेकदा झाला. माझा दोनदा.

कायलमोर ॲबी तळ्याकाठी आहे, चित्रातल्यासारखी. मिचेल हेन्री नावाच्या श्रीमंतानं 1867 पासून बांधायला घेतलेला हा वाडा. पुढे 1920 मध्ये बेल्जियमहून आलेल्या ख्रिस्ती जोगिणींनी (नन्सनी) तो घेतला. फोटो भरपूर काढले. स्कोन आणि चहा छान होता. चहा आल्याशिवायचा, पण निदान कडक.

तिथून पुढे किलरीची खाडी लागली. लांबच लांब, दोन्हीकडे उघडेबोडके डोंगर. बस वळणावर थांबली तेव्हा नुकताच पाऊस थांबून तिरपं ऊन पडलं होतं. ड्रायव्हरकाका माइक हातात घेत होते, तेवढ्यात हे काचेला नाक लावून म्हणाले, "अगं, सरी-वरंबे आहेत!"

मला आधी दिसेना. मग दिसलं. समोरच्या हिरव्या उतारावर, वरपासून पार पाण्यापर्यंत, कंगवा फिरवल्यासारख्या रेघा. एवढ्या चढावर बैलसुद्धा उभा राहायचा नाही.

काकांनी सांगितलं, हे बटाट्याचे जुने वाफे, कुदळीनं खणलेले. हिरवळीचा थर उलटा करून घालायचा, मध्ये शेण नाहीतर समुद्राचं शेवाळ, त्यात बटाटा. इंग्रजीत याला म्हणे 'लेझी बेड' म्हणतात. ह्यांनी टूरच्या ताईंना लगेच सांगितलं, "त्यांना विचारा, आळशी कोण? हे खणणारा, की नाव ठेवणारा?" काका आधी हसले, मग थोडे गप्पच झाले.

पुढचं त्यांनी सांगितलं, पण अर्धं ह्यांनी मला आधीच कानात सांगून टाकलं होतं. ह्यांचं गाव सातगाव पठारावरचं, आंबेगाव तालुक्यातलं. खरिपाचा बटाटा म्हणजे घरचा श्वास. पुढे नोकरीही कृषी खात्यात. 1845 मध्ये इथे जो रोग आला तो आपलाच करपा. आभाळ आलं, दमट हवा राहिली, की पानावर काळे डाग आणि आठवड्यात शेत गेलं. गरिबांकडे तर लंपर नावाची एकच जात, खायला दुसरं काही नाही. "एकाच बेण्याची पिलावळ सगळी. एकाला लागलं की सगळ्यांना लागणार," हे म्हणाले. करप्यावर फवारायचं बोर्डो मिश्रण सापडायला अजून चाळीस वर्षं होती. धान्य आणि जनावरं मात्र त्याच वर्षांत बोटी भरभरून इंग्लंडला जात राहिली. सुमारे दहा लाख माणसं मेली, तेवढीच देश सोडून गेली. 1841 ला या बेटावर ऐंशी लाखांहून जास्त लोक होते, आजही तेवढे नाहीत. हे वाफे खणणारेही गेले, नुसत्या रेघा राहिल्या.

कायलमोरचा वाडा या सगळ्यानंतर वीसच वर्षांत उभा राहिला, हे मला तेव्हा लक्षात आलं. सकाळी काढलेले फोटो नंतर बघावेसे वाटले नाहीत. बाकी बस लीनानला लोकरीच्या टोप्या घ्यायला उतरली. आम्ही दोघं खाडीकडे तोंड करून उभे राहिलो. वारा असा की बोलायची सोय नव्हती. ह्यांनी बोटानं वरंबे मोजायला सुरुवात केली होती. एकोणचाळिसाव्याला पाऊस आला.

रात्रीच्या ताटात कुस्करलेला बटाटा होता आणि शेजारी भाजलेलाही. शुगरमुळे घरी मी ह्यांना एक फोड वाढते. आज गप्प बसले.

तर गजराचं. गावी आता लागवडीचे दिवस, पंजाबचं बेणं येऊन पडलं असेल. इथले दोन म्हणजे तिथले साडेसहा, भाऊजी तेव्हा गोठ्यात असतात.

(पहाटे लिहिलेलं.) गजर मला ऐकूच आला नाही. जाग आली ती बाथरूमचं दार लावून ह्यांनी हळू आवाजात बोलायचा प्रयत्न केला त्यानं. ह्यांचा हळू आवाज म्हणजे अख्ख्या मजल्याला पुरेल इतका. "बेणं कापताना विळी पुसत जा रे... हो, प्रत्येक वेळी. आभाळ कसंय तिकडे?"