सोळा-तेराच्या बिगएंडचे बारा बोल्ट

बिगएंड म्हणजे पिस्टनचा रॉड जिथे क्रँकला (इंजिनातल्या फिरत्या दांड्याला) धरतो ते टोक; दोन बोल्टांची कॅप ते बंद करते. चेंबर (इंजिनाखालची तेलाची टाकी) उतरवून पहिली कॅप सोडली, तर शेलवरचा (आतल्या अर्धगोल बेअरिंगवरचा) राखाडी थर जाऊन तांबं दिसायला लागलं होतं. इंजिन गरम झालं की ऑइल प्रेशर का पडतं, ते कळलं. गाडी टाटा १६१३ ट्रक, इंजिन कमिन्स ६बीटी, ५.९ लिटर. क्रँकला ओरखडा नव्हता, म्हणून तो न उतरवता खालूनच शेल बदलायचे ठरले.

मी बोल्टही नवे आणले होते. मिस्त्री म्हणाले, "मालक, बोल्टांना काय झालंय? उगाच खर्च!" दिसायला खरंच काही झालं नव्हतं. पण एक्झॉस्ट स्ट्रोकला (जळका धूर बाहेर ढकलताना) पिस्टन वर पोचून उलटा फिरतो, तेव्हा त्याची सगळी ओढ त्याच्या रॉडच्या दोन बोल्टांवर येते. अडीच हजार आरपीएमला मिनिटाला साडेबाराशे वेळा. जुना बोल्ट आधी कुणी, किती आवळला होता हे मला माहीत नव्हतं. एक तुटला तर रॉड ब्लॉक फोडून बाहेर येतो, मग कसली बचत!

कॅप आणि रॉडवरचे नंबर जुळवून, एकाच बाजूला ठेवून बसवले. इथे मिस्त्रींचा हात बघण्यासारखा. शेलच्या पाठीला तेलाचा थेंब राहू देत नाहीत, आतल्या बाजूला मात्र भरपूर लावतात. फ्लायव्हील (क्रँकच्या टोकाचं जड चाक) फिरवून आधी १ आणि ६, मग २-५, मग ३-४, अशा रॉडच्या जोड्या खाली आणल्या.

आवळण्यावरून मात्र वाद झाला. त्यांचा हाताच्या अंदाजावर भरवसा, माझा टॉर्क रेंचवर, म्हणजे ठरलेला जोर लागला की टक् वाजणाऱ्या पान्यावर. बोल्ट ताणलेल्या स्प्रिंगसारखा कॅप धरून ठेवतो. पण पान्यावर लावलेला बहुतेक जोर आट्यांच्या आणि डोक्याखालच्या घर्षणातच जातो, ताण द्यायला थोडाच उरतो. आटे कोरडे असले तर हाताला घट्ट लागतं आणि बोल्ट ताणलेलाच नसतो. म्हणून आट्यांना आणि डोक्याखाली इंजिन ऑइल लावलं. दोन्ही बोल्ट आलटून पालटून आधी ३५, मग ७०, शेवटी १०० न्यूटन-मीटर. मिस्त्रींच्या भाषेत दहा किलो. हिसका नाही, सावकाश ओढ. टक् वाजलं की थांबायचं. दुसऱ्यांदा वाजवून बघायची सवय मी त्यांना मोडायला लावली. (हे आकडे या इंजिनाचे. डिग्रीने (ठरावीक कोनात फिरवून) आवळायचे बोल्ट असतील तिथे ते चालत नाहीत.)

प्रत्येक कॅपनंतर रॉड हाताने मागे-पुढे सरकतो का आणि क्रँक मोकळा फिरतो का, हे पाहिलं. चार नंबरला क्रँक जड झाला. लगेच कॅप सोडली, तर शेलमागे कचऱ्याचा कण! पुसून पुन्हा बसवली. पूर्ण आवळलेल्या बोल्टाला पांढरा ठिपका लावत गेलो. अर्ध्यात चहाला उठलं तरी गोंधळ नको.

नवं तेल, नवा फिल्टर टाकून गाडी चालू केली. गरम झाल्यावर आयडलला (उभ्या गाडीत, पेडल न दाबता) प्रेशर १० पीएसआयच्या खाली नको आणि पूर्ण आरपीएमला ३० च्या. दोन्ही ठिकाणी काटा बराच वर राहिला.

जुने बारा बोल्ट मात्र मी मागून घेतले आणि ग्राइंडरने कापले. गॅरेजच्या डब्यात पडले असते तर कधीतरी कुणाच्या तरी इंजिनात गेले असते. मिस्त्रींना ते फारसं आवडलं नाही.