वात गोठली, वेट बल्ब सापडला

मंडळी, अखेर वेट बल्ब (बाष्पीभवनाने हवा जास्तीत जास्त जितकी थंड होऊ शकते ते तापमान) हातात आला. गणिताने काढलेला नाही, प्रत्यक्ष मोजलेला. आणि नेमका अशा वेळी, जेव्हा हवामानाची सगळी मॉडेलं 3 ते 6 सें.मी. बर्फाची भाषा बोलतायत.

मागच्या नोंदीत मी आर्द्रतेच्या सेन्सरवर शंका घेतली होती. ती खरी ठरली. मिठाची चाचणी तुम्हाला माहीतच आहे: मिठात थोडं पाणी घालून चिखल करायचा, बंद डब्यात ठेवायचा, वर सेन्सर टांगायचा आणि घरातल्या तापमानाला बराच वेळ हात लावायचा नाही. डब्यातली हवा 75 टक्क्यांवर स्थिरावते. माझा सेन्सर 83 वर जाऊन बसला. डब्याच्या झाकणाला नवा रबर लावून पाहिला, तरी 83. विक्रेत्याने उत्तर दिलं की एवढा फरक चालतो. उन्हाळ्यात चालेलही. आपल्याला चालत नाही, कारण सगळा खेळ अर्ध्या अंशाचा आहे.

हिशोब पाहा. हवा 2 अंशावर आहे आणि खरी आर्द्रता 60 टक्के आहे, तर वेट बल्ब उणे 0.5 च्या आसपास येतो. सेन्सरने 68 दाखवली की तोच वेट बल्ब शून्यावर येतो. पहिल्या आकड्यावर मी निश्चिंतपणे बर्फ म्हणेन, दुसऱ्यावर म्हणणार नाही. पडायला सुरुवात झाली की बाष्पीभवन हवेला खाली ओढत वेट बल्बपर्यंत आणतं. ती कुठे जाऊन थांबणार हे आधी कळलं, तर जमिनीवर बर्फ टिकेल की नाही याचा अर्धा निकाल तिथेच लागतो.

म्हणून सेन्सर बाजूला ठेवला आणि सायक्रोमीटर (कोरडा आणि ओला असे दोन थर्मामीटर घेऊन आर्द्रता मोजणारं उपकरण) जोडायला घेतला. सारखे दोन स्पिरिट थर्मामीटर, एकाच्या फुग्यावर मलमलची वात, वात डिस्टिल्ड पाण्यात, मागे छोटा पंखा. दोन्ही थर्मामीटर आधी ठेचलेल्या बर्फाच्या आणि पाण्याच्या गारठ्यात बुडवून शून्य तपासलं, एक 0.2 वर वाचतो, ती दुरुस्ती कागदावर लिहून नळीलाच चिकटवली आहे. पंखा ताकदीचा हवा. फुग्यावरून सेकंदाला किमान 3 मीटर वेगाने हवा गेली नाही तर वेट बल्ब खोटा वर राहतो. संगणकातला जुना पंखा पुरला, आणि माझ्या मते तो मुद्दाम विकत घेतलेल्या ‘हवामान किट’मधल्या पंख्यापेक्षा सरस आहे.

शून्याच्या वर सगळं सुरेख चाललं. खरा छळ शून्याखाली सुरू झाला. थंड रात्री वातीचा पारा (स्पिरिट असलं तरी तोंडात पाराच येतो) उणे 1 च्या खाली गेला, मी खूश, आणि तेवढ्यात तो झपकन शून्यावर उडी मारून तिथेच चिकटला. पुन्हा ओलं केलं, पुन्हा तेच. कधी उणे 1 वरून उडी, कधी उणे 2 वरून, कधी उडीच नाही. वात बदलली, पाणी बदललं, पंख्याची तोंडं फिरवून पाहिली.

कारण पाण्यातच आहे. वातीतलं पाणी शून्याखाली गेलं तरी लगेच गोठत नाही, अतिशीत द्रव म्हणून राहतं. मग एखाद्या क्षणी गोठायला लागतं, गोठताना ग्रॅममागे 334 ज्यूल उष्णता सोडतं आणि सगळं गोठेपर्यंत तापमान शून्यावर धरून ठेवतं. उपकरण ठीकच होतं, मी चुकीच्या क्षणाला वाचन मागत होते. उपायही तिथेच सापडला: गोठायची वाट न पाहता गोठवायचं. वाचनाच्या बरंच आधी वात ओली करून पाण्याची वाटी काढून घ्यायची, जादा थेंब टिपायचा आणि बर्फाचा खडा वातीला नुसता टेकवायचा. टेकवताक्षणी उडी शून्यावर, थोडा थांबा, आणि मग आकडा पुन्हा उतरायला लागतो, या वेळी एका लयीत, आणि तळाला जाऊन स्थिर. तो उतार पाहताना मला जो आनंद झाला तो इथल्या लोकांना सांगायची गरज नाही. फक्त दोन गोष्टी लक्षात ठेवा: बर्फाचा थर पातळच हवा, आणि वात गोठलेली असेल तर आर्द्रतेच्या गणितात पाण्याचा नाही, बर्फाचा गुणांक घ्यायचा. तयार तक्ता वापरताना तो हा फरक करतो का ते पाहा.

एवढा आटापिटा 3 सें.मी.साठी कशाला? कारण अनपेक्षित वादळं अशाच काठावरून येतात. 4 ऑक्टोबर 1987 आठवा. न्यूयॉर्क राज्यातल्या ऑल्बनीत झाडांवर अजून पानं होती आणि शहरात 16 सें.मी.हून जास्त ओला बर्फ पडला; पानांवर साचलेल्या वजनाने फांद्या आणि तारा कोसळल्या. अशा दिवशी गारवा कुठून लांबून येत नाही, वितळणारा बर्फच तो तयार करतो. एक मि.मी. पाण्याइतका बर्फ वितळला तर एक कि.मी. जाडीचा हवेचा थर साधारण पाव अंशाने थंड होतो. पाऊस जोराचा आणि वारा मंद असेल तर काही तासांत दोन-अडीच अंश सहज जातात. हलक्या सरींत हे होत नाही, म्हणून जोर किती असेल हा प्रश्न तापमानाइतकाच महत्त्वाचा.

जानेवारी 2000 चं प्रकरण वेगळं. तिथे मॉडेलांनी वादळ समुद्रात ठेवलं होतं. ते किनाऱ्याला चिकटून वर सरकलं आणि नॉर्थ कॅरोलायनातल्या रॅले-डरहॅममध्ये 50 सें.मी.हून जास्त बर्फ साचला. आणि जानेवारी 2015 मध्ये उलटं: न्यूयॉर्कला 60 सें.मी.चा इशारा, सेंट्रल पार्कमध्ये सुमारे 25. पूर्वेला बॉस्टनने मात्र 60 ओलांडले. बर्फाच्या पट्ट्याची कडा थोडी सरकली की एवढा फरक पडतो.

आत्ताच्या प्रणालीत अपेक्षित पाणी 6 मि.मी.च्या आसपास आहे. नकाशे सरळ दहापट करून 6 सें.मी. रंगवतात, ते मला पटत नाही. शून्याला टेकलेला बर्फ ओला असतो, पाच-सहापटच धरावा. माझा अंदाज 3.

मूळ बेत असा होता की स्नोबोर्डवर (ज्यावर साचलेला बर्फ मोजतात ती सपाट फळी) कॅमेरा लावून दर काही मिनिटांनी फोटो घ्यायचे. हे लिहिता लिहिता बेत बदलला. कॅमेऱ्याने जाडी कळेल, पण वर काय चाललंय ते कळणार नाही. त्याऐवजी गारठवलेलं काळं मखमली कापड बाहेर ठेवून दर तासाला हिमकण झेलणार आणि भिंगातून पाहणार. सहा फांद्यांच्या चांदण्या असतील तर ढगात उणे 12 ते उणे 18 चा थर कामाला लागलेला आहे. पारदर्शक टणक दाणे आले तर मधे कुठेतरी उबदार थर घुसला, आणि माझा अंदाज गेला. प्रत्येक तासाच्या कणांशेजारी त्या वेळचा वेट बल्ब लिहिला तर ही जोडी पुढच्या प्रत्येक काठावरच्या प्रसंगाला उपयोगी पडेल.

स्नोबोर्ड पांढरा रंगवून तयार आहे, सहा तासांच्या आत पुसणार नाही. सेन्सरही फेकत नाही. पोटॅशियम सल्फेटच्या चिखलावर हवा 97 टक्क्यांच्या आसपास जाते. तो दुसरा बिंदू मिळाला तर दोन बिंदूंतून दुरुस्तीची रेषा काढता येईल. कोणी हे करून पाहिलंय का? वरच्या टोकाला सेन्सर परत खाली यायला किती वेळ लावतो, तेही सांगा. मॉडेलांचा संध्याकाळचा रन (नवा अंदाज) आला की वेट बल्बच्या पहिल्या वाचनासकट आकडे टाकते.