तुम्ही विचारलंत म्हणून: ती ब्रेन नव्हे, विकर्स-बर्थिए

दुसऱ्या महायुद्धातल्या भारतीय जवानांचा फोटो पुढे करून हमखास विचारलं जातं, "वर वाकडं मॅगझिन आहे, म्हणजे ब्रेनगनच ना?" दोन्ही हलक्या मशीनगनच, पण बऱ्याचदा ती ब्रेन नसते, विकर्स-बर्थिए असते. लोक तिला व्हीबी म्हणत.

मूळ आराखडा बर्थिए या फ्रेंच रचनाकाराचा, पहिल्या महायुद्धाच्या आधीचा. 1925 मध्ये विकर्स या ब्रिटिश कंपनीने हक्क घेतले. लुईस गन या जुन्या हलक्या मशीनगनची जागा कोणी घ्यायची, याच्या ब्रिटिश चाचण्यांत ती चेक बनावटीच्या गनपुढे मागे पडली. त्या चेक गनचीच पुढे ब्रेन झाली. भारतीय लष्कराने मात्र 1930 च्या दशकाच्या सुरुवातीलाच व्हीबी घेतली आणि बंगालमधल्या ईशापूरच्या रायफल फॅक्टरीत ती बनू लागली. हरलेली गन म्हणून तिला बाजूला टाकणं मला पटत नाही.

आतली रचना सुटसुटीत आहे. नळीतून निघालेला थोडा गॅस पिस्टनला मागे ढकलतो. पिस्टन पुढे येताना बोल्टची, म्हणजे काडतूस नळीत ढकलून मागून बंद करणाऱ्या भागाची, मागची बाजू वर उचलली जाऊन वरच्या खाचेत अडकते, हेच कुलूप. वेग मिनिटाला साधारण 450 ते 600 गोळ्यांचा.

खरी कटकट तिच्या .303 इंची काडतुसाची. त्याच्या बुडाला बाहेर आलेली कड असते, म्हणूनच 30 गोळ्यांचं मॅगझिन वाकडं. भरताना प्रत्येक नव्या काडतुसाची कड आधीच्या कडेच्या पुढे बसली पाहिजे. एक जरी मागे राहिली, तर बोल्ट ते काडतूस पुढे ढकलू लागताच त्याची कड खालच्या कडेत अडते आणि गन थांबते. अशा वेळी दोष गनचा नसतो, भरणाऱ्या हाताचा असतो.

याच रचनेचे भाग हलके करून विमानांसाठी विकर्स के झाली, थाळीसारख्या मॅगझिनची. तीच पुढे वाळवंटात एसएएस या ब्रिटिश छापामार दलाच्या जीपगाड्यांवर दिसते.

फोटोत ओळखायचं कसं? गनच्या डाव्या अंगाला, मागच्या बाजूला गोल चकती दिसली, तर ती ब्रेन मार्क 1 ची नेम धरायची साइट. चकती नसली म्हणून लगेच व्हीबी ठरवू नका. मार्क 2 ब्रेनलाही ती नसते. मग फोटोचं साल पाहा. इंग्लंडमधल्या एनफिल्डच्या कारखान्यात ब्रेनचं उत्पादन 1937 मध्ये सुरू झालं, ईशापूरला 1942 मध्ये. 1937 च्या आधीचा भारतीय तुकडीचा फोटो असेल, तर ती व्हीबीच समजा.