गुरुवारी फोटो बंद

"अरे, तुझा डबा झोपलाय का? मावशी आलीये आणि एकही फोटो दिसत नाहीये."

गुरुवार, सकाळी साडेअकरा. मी हिंजवडीत मीटिंगमध्ये, आई कोथरूडला. लाईट जाऊन आली होती.

डबा म्हणजे रास्पबेरी पाय, तळहाताएवढा कॉम्प्युटर. देवघराशेजारी ठेवलाय, कारण राउटर तिथेच आहे. त्यावर इमिच चालतं, म्हणजे गुगल फोटोजसारखंच, पण आपल्याच मशीनवर चालवायचं सॉफ्टवेअर. घरातले सगळे फोटो त्यात. २०२१ च्या जूनपासून गुगल फोटोजची अमर्याद फुकट जागा बंद झाली, नवे फोटो १५ जीबीत मोजले जायला लागले, आणि मला स्वाभिमान सुचला. आपला डेटा आपल्या घरात!

मीटिंगमधून गुपचूप फोनवरून लॉगिन केलं. डबा उठला होता, पण फोटोंची यूएसबी हार्ड डिस्क माउंट व्हायच्या, म्हणजे सिस्टीमला दिसायच्या आत डॉकरने कंटेनर सुरू केले. (डॉकर म्हणजे इमिचसारखी सॉफ्टवेअर आपापल्या कप्प्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवणारा प्रोग्रॅम.) इमिचला फोल्डर रिकामं दिसलं आणि ते अडून बसलं. शहाणंच म्हणायचं. डिस्क माउंट केली, कंटेनर रीस्टार्ट केला, झालं. पाच मिनिटांचं काम. यूपीएस घ्यायचा दिवाळीपासून राहिलाय, ते सोडा.

आई शांतपणे म्हणाली, "गुगलकडे लाईट जात नाही ना रे?"

यावर काय बोलणार? सॉफ्टवेअर ओपन सोर्स आहे, पण रात्रपाळीचा वायरमन मीच. मी गावाला गेलो तर हिने कुणाला फोन करायचा?

संध्याकाळी घरी आलो तर डब्यावर आईच्या अक्षरात पाटी:

"बटणास हात लावू नये. गुरुवारी फोटो बंद राहतील."