तुम्ही विचारलंत म्हणून: द्युपाँ नाही, द्युसोत्वार

"रग्बी बघतोस ना, मग फ्रान्सचा तुझा फेव्हरेट द्युपाँच असणार!" असं कोणी ना कोणी म्हणतंच. फ्रान्सचा स्टार प्लेअर आंत्वान द्युपाँ भारी आहेच, वादच नाही, पण आपला माणूस तिएरी द्युसोत्वार. मग पुढचा प्रश्न ठरलेला, हा कोण बुवा?

जन्म आयव्हरी कोस्टमधला, आबिद्जानचा. लहानपणी ज्युडो, रग्बीत जरा उशिराच आला, आणि खेळता खेळता बोर्दोला केमिकल इंजिनीअरिंगही पूर्ण केलं. फ्लँकर होता. म्हणजे ट्राय मारून (बॉल समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे टेकवून) कॅमेऱ्यात यायचं काम दुसऱ्यांचं, याचं काम बॉल घेऊन धावत येणाऱ्याला पाडायचं, लगेच उठायचं आणि पुढच्याला पाडायचं. कबड्डीत चढाईवाल्याला टाळ्या मिळतात आणि पाय धरणारा मातीत लोळत असतो ना, तसंच.

२००७ च्या वर्ल्ड कपला तर तो टीममध्येही नव्हता, एल्व्हिस व्हरम्यूलनला दुखापत झाली म्हणून ऐनवेळी बोलावलं. आणि मग कार्डिफची क्वार्टर फायनल, समोर न्यूझीलंड, हाफटाइमला फ्रान्स १३-३ ने मागे. त्या मॅचमध्ये या पठ्ठ्याने एकट्याने ३८ टॅकल केले (म्हणजे बॉलवाल्याला धरून पाडलं), न्यूझीलंडच्या अख्ख्या टीमने मिळून केले त्यापेक्षा जास्त! वर स्वतः एक ट्रायही टाकला, फ्रान्स २०-१८ ने जिंकलं. लोकांना आठवतो तो शेवटचा जोझियाँचा ट्राय, पण मधल्या ८० मिनिटांत एवढी माणसं कोणी पाडली ते कोण बघतंय.

बिआरित्झ आणि मग तुलूझकडून फ्रेंच लीग, २०१० ला तुलूझबरोबर युरोपचा कप, त्याच वर्षी कॅप्टन म्हणून ग्रँड स्लॅम (सिक्स नेशन्स स्पर्धेतल्या सगळ्या मॅच जिंकणं), हे सगळं आहेच. पण मला विचाराल तर २०११ चा वर्ल्ड कप. फ्रान्स ग्रुपमध्ये टोंगाकडून हरलेलं, कोच आणि प्लेअर्सचं धड पटत नव्हतं, तरी फायनलला पोचले, तेही ऑकलंडमध्ये, न्यूझीलंडच्याच घरात. 'हाका' म्हणजे न्यूझीलंडवाले मॅचआधी करतात तो माओरी नाच, त्या वेळी फ्रान्सचे सगळे बाणाच्या आकारात उभे राहून पुढे चालत गेले, टोकाला हा. त्याबद्दल टीमला दंडही झाला, २५०० पौंड (वसूल झाले असं मी तरी म्हणेन). फायनलमध्ये फ्रान्सचा एकमेव ट्राय त्याचाच. ८-७ ने हरले, एका पॉइंटने! तरी मॅन ऑफ द मॅच तो, आणि त्या वर्षीचा जगातला बेस्ट प्लेअरही तोच.