टोपलीत अडकलेला चेंडू

मी मॅसॅच्युसेट्समधल्या एका शाळेत शारीरिक शिक्षण शिकवते. बास्केटबॉलचा जन्म जिथे झाला ते स्प्रिंगफील्ड आमच्यापासून अर्ध्या तासावर आहे आणि मी स्वतः हा खेळ शिकले ती मुंबईत, नागपाड्याच्या मस्तान वायएमसीएच्या मैदानावर; त्यामुळे बास्केटबॉल जन्माला घालणाऱ्या जेम्स नायस्मिथविषयी मला पहिल्यापासून जिव्हाळा आहे. गेल्या डिसेंबरात बाहेर बर्फ साचलेला असताना मी सातवीच्या अठरा मुलांना १८९१ सालचा बास्केटबॉल खेळवायचे ठरवले. नऊ विरुद्ध नऊ, कारण पहिल्या सामन्यातही खेळाडू तितकेच होते.

नायस्मिथला खरे तर चौकोनी खोकी हवी होती. सफाई कामगाराकडे निघाल्या त्या पीचच्या टोपल्या, आणि त्या व्यायामशाळेच्या सज्जाच्या कठड्याला ठोकल्या गेल्या. कठडा दहा फुटांवर होता, म्हणून आजही रिंग दहा फुटांवरच असते. मी बाजारातून आणलेल्या दोन टोपल्या रिंगलाच तारेने बांधल्या, फुटबॉल घेतला आणि मूळ तेरा नियमांचा कागद मुलांच्या हाती दिला.

खेळ सुरू झाला आणि आमचा सर्वांत चपळ मुलगा चेंडू हाती येताच जागच्या जागी थिजला. चेंडू घेऊन धावायचे नाही, जिथे झेलला तिथूनच फेकायचा, असे तिसरा नियम सांगतो. चेंडू आपटत पुढे जाण्याची युक्ती तेव्हा कोणाला सुचलेलीच नव्हती. नायस्मिथचा विचार मला फार मोलाचा वाटतो. चेंडू घेऊन धावणाऱ्याला खाली पाडल्याशिवाय थांबवता येत नाही. तेव्हा धावणेच काढून टाकले तर पाडापाडीचे कारणच उरत नाही. टोपली डोक्यापेक्षा उंच आणि तोंड वर करून ठेवण्यामागेही हाच हेतू होता, कारण तिच्यात चेंडू टाकायचा तर तो जोरात फेकून चालत नाही, अलगद कमानीतून सोडावा लागतो. लहानपणी ओंटारियोत दगडावरचा दगड नेम धरून पाडण्याचा खेळ खेळताना त्याने हे पाहिले होते.

माझी चूक झाली ती नवव्या नियमात. चेंडू हद्दीबाहेर गेला की ज्याचा हात आधी लागेल, त्याचा चेंडू. मी तो नियम वाचून दाखवला, पण बाकांच्या रांगा मागे सरकवल्या नाहीत. चेंडू त्यांच्याखाली गेला, सात-आठ मुले एकदम तुटून पडली आणि एकाचा ओठ फुटला. जखम किरकोळ होती, पण रक्त पाहून माझे हातपाय गार पडले, कारण त्या जागेची जबाबदारी सर्वस्वी माझी होती. बर्फ लावून, त्याच्या आईला फोन करून मी परत आले, तोवर मुलांनी आपापसांत ठरवून टाकले होते, की चेंडू ज्यांच्याकडून बाहेर जाईल, त्यांच्या विरोधकांना तो द्यायचा. नियमकर्त्यांना हाच बदल करायला १९१३ साल उजाडावे लागले होते. मी बाके हलवली आणि खेळ त्यांच्या नियमाने पुढे चालवला.

पहिला गोल झाला आणि सगळे थांबले. टोपलीला बूड होते, त्यामुळे चेंडू आतच राहिला. आमचे वयस्कर सफाई कर्मचारी शिडी घेऊन आले, सावकाश चढले, चेंडू काढून खाली टाकला आणि मी तो पुन्हा मध्यभागी उडवला. प्रत्येक गोलनंतर मध्यभागी चेंडू उडवण्याची ही पद्धत १९३७ सालापर्यंत टिकली होती. शिडी चढेपर्यंतच्या त्या अर्ध्या मिनिटात मुले धापा टाकत एकमेकांशी बोलत होती, पुढचा पास कोणाला द्यायचा ते ठरवत होती. आजच्या खेळात अशी उसंत मिळत नाही आणि मला तिची हळहळ वाटली.

दोन्ही बाजूंचा एकेक गोल झाला असताना, एरवी वर्गात मागे राहणाऱ्या एका मुलीने दोन्ही हातांनी चेंडू वर सोडला. तो टोपलीच्या काठावर येऊन थबकला. बचाव करणाऱ्या उंच मुलाने उडी मारून टोपली हलवली आणि चेंडू बाहेर पडला. त्याच्या बाजूने जल्लोष केला. ती मात्र शांतपणे माझ्याकडे आली, चुरगळलेला कागद उलगडला आणि आठव्या नियमावर बोट ठेवले: चेंडू काठावर असताना विरोधकाने टोपली हलवली, तर तो गोल धरावा. मी शिट्टी वाजवून गोल दिला.