एजंटला लाख मोजण्याआधी जर्मन शिका

गेल्या आठवड्यात कोथरूडच्या एका काकूंचा फोन आला. मुलगा मेकॅनिकल इंजिनिअर, जर्मनीत शिकायला पाठवायचे एजंटने तीन लाख मागितलेले, फ्लॅट तारण ठेवायची तयारी चाललेली. मी म्हटलं, काकू, सही करू नका, आधी ऐकून घ्या.

जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत ट्यूशन फी नाही. बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्य मात्र युरोपबाहेरच्या मुलांकडून सेमिस्टरला 1,500 युरो घेतं आणि म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीनेही आता फी लावली आहे, तेवढं बघून घ्या. खरा खर्च राहण्याखाण्याचा. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे 11,904 युरो भरावे लागतात, साधारण 12 लाख रुपये. ते कोणी खात नाही. इथे जर्मनीत आल्यावर महिन्याला 992 युरो असे आपल्याच हातात येतात. शिकताना वर्षाला 140 पूर्ण दिवस काम करता येतं, पण पहिलं वर्ष त्या भरवशावर काढायचं ठरवू नका.

एवढी रक्कम जमत नसेल तर दुसरा रस्ता आउसबिल्डुंगचा, म्हणजे व्यवसाय-प्रशिक्षणाचा, आणि तो आपल्याकडे उगाच कमी लेखतात. थोडे दिवस वर्गात, थोडे दिवस प्रत्यक्ष कामावर, आणि पहिल्या महिन्यापासून पगार. माझ्या मजल्यावर हडपसरची एक मुलगी राहते, नर्सिंगचं तीन वर्षांचं आउसबिल्डुंग करते. सरकारी रुग्णालयांत पहिल्याच वर्षी 1,300 युरोंच्या वर मिळतात, कर-विमा कापून हातात आलेल्या पैशांत तिचं भागतं, त्यामुळे तिला ब्लॉक्ड अकाउंट लागलंच नाही. तिच्या वहीत डाव्या पानावर जर्मन शब्द, उजवीकडे मराठी अर्थ. सकाळी सहाच्या ड्यूटीआधी चहा पिता पिता ती ते पाठ करते. पेशंटला कुठे दुखतंय ते नीट कळलंच पाहिजे, असं तिचं म्हणणं, आणि मला तिचा फार अभिमान वाटतो.

आउसबिल्डुंगला जर्मन भाषा मात्र बी-1 पातळीची (ए-1, ए-2 नंतरची) तरी हवीच, नर्सिंगला बी-2 असेल तर उत्तम. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट आहे, मॅक्स म्युलर भवन आहे. नोकरी सांभाळून शिकणारे कितीतरी आहेत.

काकूंच्या मुलाला मास्टर्सच करायचंय. त्याला आधी एपीएस सर्टिफिकेट, म्हणजे आपली डिग्री तपासून मिळणारा दाखला, काढायला सांगितलंय, त्याचे 18,000 रुपये. कोर्स डाडच्या (DAAD, परदेशी विद्यार्थ्यांना मदत करणारी जर्मन संस्था) वेबसाइटवर फुकट शोधता येतात. बऱ्याच विद्यापीठांचे अर्ज युनी-असिस्ट या अर्ज तपासणाऱ्या संस्थेमधून जातात: पहिल्याला 75 युरो, त्याच सेमिस्टरच्या पुढच्या प्रत्येकाला 30. यात एजंटने करण्यासारखं काहीच नाही.